फेरल : दावं तोडून गेलेल्यांचा शब्द

मुंबईच्या कबुतरांना नेमकं काय म्हणायचं? पाळीव म्हणावं, तर त्यांना धनी नाही. जंगली म्हणावं, तर एसीच्या खोक्यामागे चार काड्या टाकून संसार थाटणाऱ्या या पाखरांनी जंगल बघितलंय कुठे? 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रणकंदन झालं. एकीकडे भूतदया, दुसरीकडे फुप्फुसांचे आजार. पण ज्या पाखरावरून हे सगळं चाललं होतं, ते रानातलं की घरातलं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसावा. इंग्रजीत या कबुतरासाठी एक चोख शब्द आहे : फेरल.

शब्दकोश उघडलात तर फेरलपुढे 'रानटी', 'जंगली' असे अर्थ मिळतील. त्यावर विसंबू नका. वाघ फेरल नसतो. गवा नसतो, कोल्हा नसतो. फेरल व्हायचं तर आधी माणसाळावं लागतं. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातचं खाल्लं, गोठ्यात, खुराड्यात नाहीतर तबेल्यात दिवस काढले आणि मग ज्यांनी दावं तोडलं, त्यांची पिल्लावळ म्हणजे फेरल. वाघाच्या रानटीपणाला इतिहास नाही, याच्या रानटीपणाला आहे.

तो इतिहास कबुतराच्या पंखांवर वाचता येतो. कड्याकपारीत आणि जुन्या विहिरींत राहणारा मूळचा पारवा राखाडी असतो आणि त्याच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात. आता गेटवेसमोर दाणे टिपणारा थवा नीट निरखा. एकाच्या पंखांवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, दुसरा विटकरी, तिसरा जवळजवळ काळा, एखादा निम्मा पांढरा. ही रंगांची उधळण कबुतरबाजांनी केली. आवडीचं पाखरू निवडायचं, त्याचीच वीण वाढवायची, असं माणसं हजारो वर्षं करत आली. ढाबळीतून निसटलेल्या पाखरांनी तो रंग शहरात आणला. आपल्याकडे अस्सल पारवेही भरपूर असल्याने दोघांची सरमिसळ झाली आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या चौकातल्या कबुतरांचे पूर्वज मात्र खुराड्यातूनच आले.

आता शब्दाच्या मुळाकडे. लॅटिनमध्ये 'फेरुस' म्हणजे रानटी, आणि 'फेरा' म्हणजे श्वापद. (आपल्या फेऱ्याशी याचं काही नातं नाही.) त्याचा ग्रीक भाऊबंद 'थेर', रशियन 'झ्वेर', लिथुएनियन 'झ्वेरिस', सगळ्यांचा अर्थ श्वापद. हा गोतावळा इंग्रजीत किती वाटांनी शिरला ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. क्रुद्ध, भयंकर या अर्थाचा 'फिअर्स' याच घरातला. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचांनी मात्र मूळ शब्दाचं 'फिएर' करून त्याला 'अभिमानी' हा अर्थ देऊन टाकला. 'फेरोशस'चं तर आणखी गमतीचं. त्याच्या शेपटात डोळ्याचं मूळ दडलंय असं व्युत्पत्तिकार मानतात, तेच मूळ जे संस्कृतात 'अक्षि' झालं. म्हणजे फेरोशस म्हणजे रानटी नजरेचा. ग्रीक शाखा शास्त्रज्ञांनी उचलली. हत्तीएवढ्या नामशेष स्लॉथचं नाव मेगाथेरियम, म्हणजे मोठं श्वापद. आणि टी-रेक्स ज्या गटात मोडतो ते थेरोपॉड, म्हणजे श्वापदाच्या पायांचे.

पण या खानदानातला सगळ्यात नामी वंशज स्वयंपाकघरात सापडतो. 'ट्रीकल' म्हणजे इंग्रजांची काकवी. हॅरी पॉटरला सगळ्यात जास्त आवडतो तो गोड पदार्थ, ट्रीकल टार्ट, तो याच काकवीच्या नावाचा. या घट्ट गोड पाकाचा श्वापदाशी संबंध काय?

ग्रीकमध्ये श्वापदाच्या, विशेषतः विषारी जनावराच्या दंशावरच्या उताऱ्याला 'थेरिआके' म्हणत. पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस विषप्रयोगाच्या धास्तीने असले उतारे घोटत असे, अशी आख्यायिका आहे. पुढे सम्राट नीरोचा वैद्य अँड्रोमाकस याने त्यात भर घातली आणि सापाचं मांसही मिसळलं. विषाला विषाने मारायचं हा हिशोब. साठाहून अधिक द्रव्यं, त्यांत अफू, आणि सगळं मधात कालवलेलं. मार्कस ऑरेलियस हा तत्त्वज्ञ सम्राट ते नियमाने घेई आणि त्यावर देखरेख होती खुद्द विख्यात वैद्य गॅलेनची. मध्ययुगात व्हेनिसचं थेरिआक जगात नावाजलेलं. ते चौकात, लोकांच्या डोळ्यांदेखत बनवत, कारण भेसळीचा धंदा तेव्हाही जोरात होता. इंग्रजीत त्याचं 'ट्रीकल' झालं. 1568 सालच्या एका इंग्रजी बायबलात गिलियादच्या मलमाच्या जागी ट्रीकल छापलं गेलं आणि ती प्रत 'ट्रीकल बायबल' म्हणूनच ओळखली जाते. औषध गोड आणि घट्ट होतं. पुढे साखरेच्या कारखान्यांतून तसाच घट्ट गोड पाक निघू लागला, तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटलं. औषध गेलं, साप गेला, अफू गेली, पाक उरला. हेच थेरिआक अरबी-फारशीत 'तिर्याक' झालं, आणि युनानी हकिमांच्या औषधांच्या नावांत ते आजही भेटतं. फारशीत तर तिर्याक म्हणजे सरळ अफूच.

एक सावधगिरी. जुन्या इंग्रजी पुस्तकात फेरल भेटला तर तो हाच असेल असं नाही. रोमन लोक 21 फेब्रुवारीला फेरालिया पाळत. पितरांना नैवेद्य दाखवायचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखा. तिथून आलेला दुसरा 'फेरल' म्हणजे मरणाचा, प्राणघातक. दोन वेगळी कुळं, एकच स्पेलिंग. सतराव्या शतकात दोन्ही वापरात होते. मरणाचा अर्थ नंतर मागे पडला.

रानटी या साध्या अर्थातून 'पळून गेलेला' हा नेमका अर्थ वेगळा काढावासा का वाटला असेल? मला वाटतं, याचं बीज रोमन कायद्यात आहे, जरी तिथे शब्द वेगळे होते. सम्राट जस्टिनियनने 533 साली कायद्याचं जे पाठ्यपुस्तक काढलं, त्यात प्राण्यांच्या मालकीची चर्चा आहे. रानटी जातीच्या प्राण्यांवर कुणाची मालकी नाही, जो धरेल त्याचा. मग पंचाईत येते कबुतरांची, मोरांची आणि मधमाश्यांची. हा कायदा कबुतराला आणि मोराला स्वभावाने रानटीच मानतो. तरी ती रोज उडून जातात आणि संध्याकाळी परत येतात. मग मालक कोण? उत्तर असं, की त्यांच्या मनात परत येण्याचा इरादा आहे तोवर ती तुमची. परतण्याची सवय सुटली की तुमचा हक्क संपला. या इराद्याला लॅटिनमध्ये 'आनिमुस रेव्हेर्तेंदी' म्हणतात, आणि इंग्रजांच्या कायद्यानेही हा निकष उचलला. कोंबड्या आणि हंसांना मात्र ही सवलत नाही. त्या स्वभावानेच पाळीव, म्हणून कितीही लांब उडाल्या तरी मालकाच्याच. पाखराच्या मनात काय आहे यावर मालमत्तेचा निवाडा करणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

फेरल म्हणजे तो इरादा सोडलेला.

जीवशास्त्रात हा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात. डार्विनने 1859 च्या ग्रंथात एका समजाला हात घातला. पाळीव जनावर मोकळं सोडलं की ते हळूहळू मूळ रानटी रूपावर जातं, असं तेव्हाचे निसर्गतज्ज्ञ बिनदिक्कत सांगत. डार्विन स्वतः कबुतरं पाळायचा, लंडनच्या कबुतरबाजांच्या दोन क्लबांचा सभासद होता. त्याने म्हटलं, हे एवढ्या ठामपणे सांगायला पुरावा कुठे आहे? 1868 च्या, पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने हा विषय पुन्हा विस्ताराने घेतला. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं चांगलं उत्तर मिळायला दीडशे वर्षं लागली आणि ते दिलं कोंबड्यांनी.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर रस्तोरस्ती कोंबड्या फिरतात. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी शेकडो वर्षांपूर्वी तिथे आपल्यासोबत लाल रानकोंबड्या आणल्या होत्या. 1982 आणि 1992 साली दोन चक्रीवादळं आली. परसातली खुराडी मोडली आणि गावठी, विलायती कोंबड्या रानात पांगल्या, असं तिथले लोक सांगतात. जनुकंही त्यांना दुजोरा देतात : आजच्या कोंबड्यांत जुनी रानकोंबडी आणि नवी पाळीव, दोन्हींचं रक्त आहे. स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला. कोंबडी माणसाळली तेव्हा तिच्या जनुकांत ज्या जागी बदल झाले, त्याच जागी आता उलटे बदल होत आहेत का? 2016 मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं. बहुतेक ठिकाणी नाही. रानात गेल्यावर निवड होतेय ती वेगळ्याच जागी.

याचा अर्थ सोपा करून सांगतो. अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी खुडूक बसणं जवळजवळ विसरलेली असते. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून माणसाने ती सवय मोडून काढली. रानात पिल्लं वाढवायची तर खुडूक बसल्याशिवाय गत्यंतर नाही. पण खुराड्यात मिळालेल्या सगळ्याच गोष्टी रानात ओझं ठरतात असं नाही. काही चालून जातात, काही उपयोगीही पडतात. म्हणून रानात गेलेली कोंबडी पुन्हा रानकोंबडी होत नाही. ती तिसरंच काहीतरी होते.

कोंबडीचा विषय निघालाच आहे तर घरची एक गोष्ट सांगायला हवी. जगातल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा हे खरं. पण अनेक जातींच्या कातडीला आणि पायांना जो पिवळा रंग असतो, त्याचं जनुक आलं राखी रानकोंबड्याकडून. हे 2008 मध्ये सिद्ध झालं. हा राखी कोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. सह्याद्रीत भल्या पहाटे जो खणखणीत पण तुटक आरवतो, तो तोच. दुकानात टांगलेल्या ब्रॉयलरच्या पिवळ्या पायांत आपल्या घाटातलं जनुक असतं.

रानात गेल्यावर सगळं परत मिळत नाही, हे मेंदूतही दिसतं. पाळीव डुकराचा मेंदू रानडुकराच्या मेंदूपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने लहान. डुकरं रानात पळाली की केस राठ होतात, अंग सडपातळ होतं, पिढ्या उलटतात, आणि गमावलेला मेंदू मात्र परत मिळताना दिसत नाही.

उंटाची कथा याहून विलक्षण. एका वशिंडाचा अरबी उंट रानटी स्वरूपात पृथ्वीवर उरलेलाच नाही. त्याचे रानटी पूर्वज केव्हाच नामशेष झाले. अरबस्तानात, राजस्थानात जे उंट मोकळे चरताना दिसतात त्यांना धनी असतो. बिनधन्याचे अरबी उंट मोठ्या कळपांनी फिरताना पाहायचे असतील तर जावं लागतं ऑस्ट्रेलियात, जिथे मुळात उंट नव्हताच. तिथला पहिला उंट 1840 मध्ये कॅनरी बेटांवरून उतरला. त्याचं नाव हॅरी. 1846 मध्ये जॉन हॉरॉक्स नावाचा शोधप्रवासी त्याला घेऊन वाळवंटात निघाला. बंदुकीत बार भरत असताना हॅरी एकदम हलला, गोळी सुटली आणि हॉरॉक्सच प्राणाला मुकला. मरण्यापूर्वी त्याने हॅरीला गोळी घालायला सांगितलं.

एवढी वाईट सुरुवात होऊनही उंटांवाचून पर्याय नव्हता. 1860 च्या बर्क-विल्स शोधमोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट आणि त्यांचे राऊत नेले. पुढे हजारो उंट गेले. सोबतची माणसं बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान अशा ठिकठिकाणची होती. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं. ॲडलेडहून डार्विन शहराला जाणाऱ्या प्रसिद्ध 'द घान' रेल्वेचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. तारेचे खांब, लोकर, पिठाची पोती, सगळं उंटांनी वाहिलं. मग मोटारी आल्या. 1925 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने बिनधन्याचे उंट मारायला मोकळीक देणारा कायदा केला. पुष्कळ राऊतांना आपल्या जनावरांवर गोळी चालवण्याचा धीर झाला नाही. त्यांनी दोर सोडला आणि उंट वाळवंटात गेले. तिथे त्यांची शिकार करणारं कुणी नव्हतं, काटेरी झुडपं मुबलक होती. कळप वाढत वाढत लाखांवर गेले, पाणवठे उद्ध्वस्त होऊ लागले, आणि 2009 ते 2013 या काळात सरकारने सुमारे 1 लाख 60 हजार उंट मारले. अरबी उंटाला मोकळा श्वास घ्यायला जगात हीच जागा उरली आहे, आणि तिथे तो उपद्रवी ठरला आहे.

घोड्यांवर एवढा वेळ घालवत नाही, पण एक पेच सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या मस्टँग घोड्यांना शास्त्रज्ञ फेरल म्हणतात; ते स्पॅनिश लोकांच्या पाळीव घोड्यांचे वंशज. अमेरिकेच्या 1971 च्या कायद्यात मात्र त्यांना 'वाइल्ड' म्हटलंय. शब्द बदलला की हक्क बदलतो : फेरल म्हणजे उपरा, वाइल्ड म्हणजे भूमिपुत्र. आणि खरी गंमत अशी, की घोडा हा प्राणी उत्क्रांत झाला तोच उत्तर अमेरिकेत; तिथून तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. मग स्पॅनिश जहाजांतून आला तो पाहुणा की परतलेला घरमालक? मंगोलियाच्या प्रझेवाल्स्की घोड्याचं याच्या उलट झालं. जगातला शेवटचा अस्सल रानघोडा म्हणून त्याचा लौकिक. 2018 मध्ये जनुकं तपासणाऱ्या संशोधकांनी म्हटलं, हाही कझाकस्तानात साडेपाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी पाळलेल्या घोड्यांचाच वंशज आहे. ते घोडे खरंच पाळलेले होते का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

हाच शब्द माणसाला लावला की काय होतं ते पाहणं त्रासदायक आहे. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये माणसाची वर्गवारी करताना 'होमो फेरुस' असा एक प्रकार केला : चार पायांवर चालणारा, मुका, केसाळ. त्याच्या उदाहरणांत होता हॅनोव्हरचा मुलगा. 1725 मध्ये जर्मनीत हॅमेलिनजवळ रानात सापडलेल्या या पोराला, म्हणजे पीटरला, इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने लंडनला आणवलं. दरबाराची करमणूक झाली, मग उत्साह ओसरला आणि पीटरला एका शेतावर ठेवण्यात आलं. तो भटकत लांब जायचा, म्हणून त्याच्या गळ्यात पट्टा घातला. पट्ट्यावर त्याचं नाव, पत्ता आणि परत आणून देणाऱ्याला मोबदला मिळेल असा मजकूर. तो 1785 पर्यंत जगला. पट्टा अजून जपून ठेवलेला आहे. पीटरचं चित्र बारकाईने पाहून अलीकडे जाणकारांनी निदान सुचवलंय, की त्याला पिट-हॉपकिन्स हा जनुकीय विकार असावा. म्हणजे लांडग्यांनी वाढवलेलं पोर नव्हे, टाकून दिलेलं अपंग पोर. तरी हा शब्द माणसांवर फेकायची खोड गेलेली नाही. 2011 च्या दंगलींनंतर ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांनी गरिबांच्या एका थरालाच फेरल ठरवलं होतं.

आपल्याकडे असं घडायला हा शब्दही लागला नाही. 1871 हे एकच साल. त्या वर्षी मोकाट गुरांना कोंडवाड्यात घालण्याचा, म्हणजे गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाराही. दुसरा आधी उत्तरेत लागू झाला, 1911 च्या कायद्याने त्याला देशभर वाट मिळाली, आणि आपल्या भागातही तारेच्या कुंपणाआड माणसांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला. त्या जमातींना आज आपण विमुक्त म्हणतो. मोकाट आणि विमुक्त, दोन्ही एकाच 'मुक्त'च्या घरातले शब्द.

मराठीत फेरलला प्रतिशब्द शोधायला गेलं की 'मोकाट' आधी ओठावर येतो, पण त्याचा रोख धन्याच्या हलगर्जीपणावर असतो. मोकाट म्हैस संध्याकाळी गोठ्यावर येतेच. 'भटका' म्हटलं की कुत्रा गल्लीतलाच राहतो. 'पोळ' किंवा 'वळू' जवळ जातो. देवाच्या नावाने सोडलेला, धनी नसलेला बैल. पण त्याला अख्खं गाव खाऊ घालतं, आणि तो माजला तर काय गोंधळ उडतो ते 2008 च्या 'वळू' सिनेमात पाहिलेलं आहेच. उरला 'रानटी', आणि खरी मेख तिथेच आहे. इंग्रजीत शेत आणि रान यांच्यामध्ये पक्कं कुंपण आहे. आपला शेतकरी सकाळी 'रानात जातो' म्हणतो तेव्हा तो शेताकडे निघालेला असतो. जनावर गोठ्यातून रानात गेलं, या वाक्यात मराठी कानाला विपरीत काहीच वाटत नाही. रोज जातं, रोज येतं. रोमन कायद्याने ज्याला परतण्याचा इरादा म्हटलं, तो आपण 'रान' या शब्दातच गृहीत धरलेला आहे.

तरीही गुराख्यांना, धनगरांना, घाटमाथ्यावरच्या गवळ्यांना अशी जनावरं भेटत आलीच असणार, जी गेली ती गेली आणि तिकडेच व्याली. त्यांच्यासाठी तुमच्या भागात एखादा खास शब्द वापरात असेल, तर तो लिहून ठेवा, कुणाच्या तोंडून आणि कुठल्या गावी ऐकला तेही टिपा, आणि आम्हाला कळवा.